डीडुप पूलवर अडकलेली जागा सोडवताना : व्हीडीओ, एक्सएफएस, व्हीएम इमेज आणि बोर्ग

मांडणी आधी सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कळतील. तळाला डिस्कची रेड, तिच्यावर एलव्हीएमचा व्हीडीओ पूल आणि त्यावर एकच मोठी एक्सएफएस फाइलसिस्टिम. एक्सएफएसवर दोन गोष्टी राहतात. एक म्हणजे व्हर्च्युअल मशिनच्या (व्हीएमच्या) रॉ इमेज, म्हणजे त्यांच्या डिस्कच्या फाइली, आणि दुसरी म्हणजे बाकीच्या मशिनींचे बॅकअप जिथे येतात ती बोर्ग रिपॉझिटरी. पूलची भौतिक जागा ८ टीबी, एक्सएफएसला दाखवलेली लॉजिकल जागा १६ टीबी. व्हीडीओ ४ केबीच्या ब्लॉकवर डीडुप करतं, म्हणजे सारखे ब्लॉक एकदाच साठवतं, आणि जमेल तिथे कॉम्प्रेसही करतं. लिनक्स कर्नलच्या मुख्य शाखेत ते २०२४ साली ६.९ आवृत्तीत आलं. आता ते आणखी लोक वापरतील आणि याच भिंतीवर, म्हणजे पुसूनही जागा परत न मिळण्यावर, येऊन थांबतील, म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत.

सोमवार, ३ मार्च २०२५

सकाळी इशारा आला : पूल ९१ टक्के भरला. फाइलसिस्टिमचा वापर दाखवणारं डीएफ मात्र निवांत. त्याच्या हिशेबाने १६ टीबीपैकी ९.६ टीबी वापरात, म्हणजे ६० टक्के. गेल्या आठवड्यात जुन्या व्हीएमच्या इमेज काढून टाकल्या होत्या. तेव्हा डीएफचा आकडा खाली आला, पण पूलचा जागचा हलला नाही.

डीडुप पूल असा वरून रिकामा आणि खालून भरलेला दिसतो तेव्हा परिस्थिती साध्या भरलेल्या डिस्कपेक्षा वाईट असते. साधी डिस्क भरली तर फाइलसिस्टिमला ते माहीत असतं आणि ती नवीन फाइल नाकारते. इथे एक्सएफएसला वाटतं की ६.४ टीबी शिल्लक आहेत. ते बिनधास्त लिहायला जातं आणि खालून व्हीडीओ जागा नाही म्हणून लेखन नाकारतं. हे मेटाडेटा लिहिताना घडलं तर एक्सएफएस स्वतःला बंद करून घेतं आणि त्यावरच्या सगळ्या व्हीएम एकदम खाली बसतात. म्हणून सर्वांत आधी रात्रीचे बॅकअप थांबवले आणि नवीन व्हीएम बनवणं बंद केलं.

मग व्हीडीओस्टॅट्स व्हर्बोज पर्यायासह चालवलं. त्या लांबलचक यादीतल्या दोनच ओळी कामाच्या होत्या. ‘डेटा ब्लॉक्स यूज्ड’ म्हणजे खरंच डिस्कवर पडलेले ब्लॉक, आणि ‘लॉजिकल ब्लॉक्स यूज्ड’ म्हणजे वरून कोणीतरी वापरतंय असं व्हीडीओ समजतं ते ब्लॉक. दुसऱ्या आकड्याला ४०९६ने गुणलं तर १४.२ टीबी आले.

डीएफ म्हणतं ९.६, व्हीडीओ म्हणतं १४.२. मधले ४.६ टीबी म्हणजे वर पुसलेला, पण पुसल्याचं खाली कोणी न कळवलेला डेटा. फाइल काढली की एक्सएफएस आपल्या वहीत ती जागा मोकळी लिहितं, पण डिस्कॉर्ड, म्हणजे ‘ही जागा आता नको’ असा निरोप, पाठवल्याशिवाय खालच्या थराला ते कळत नाही. हे माउंट डिस्कॉर्डशिवाय होतं आणि मोकळ्या जागेचे असे निरोप एकदम पाठवणाऱ्या एफएसट्रिमचा टायमर या मशिनवर कधी सुरूच केलेला नव्हता.

हाच प्रश्न पडलेल्या कोणालाही मी आधी ही वजाबाकी करायला सांगेन. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर ट्रिमने काही मिळणार नाही, जागा दुसरीकडे अडकली आहे.

मंगळवार, ४ मार्च

संध्याकाळी पूर्ण माउंटवर एफएसट्रिम सोडलं. काही मिनिटांतच व्हीएम अडखळायला लागल्या. डेटाबेस असलेल्या गेस्टमध्ये, म्हणजे त्या व्हीएमच्या आत, साधी क्वेरी सेकंदभर लटकत होती. कंट्रोल-सी मारूनही ट्रिम लगेच थांबलं नाही, हातातला तुकडा संपवूनच बाहेर आलं. संध्याकाळ यात गेली आणि पूल एक टक्काही खाली आला नाही.

कारण शोधताना व्हीडीओच्या मॅक्स डिस्कॉर्ड या सेटिंगपाशी पोचलो. त्याची मूळ किंमत १ आहे, म्हणजे ४ केबीचा एक ब्लॉक. वरून एक्सएफएस भलीमोठी सलग जागा सोड म्हणून सांगतं आणि व्हीडीओ तिचे ४ केबीचे तुकडे करून एकेक सोडत बसतं. शिवाय एफएसट्रिम नुकतीच पुसलेली जागाच पाठवत नाही, एक्सएफएसवरची सगळीच मोकळी जागा पाठवतं. मोकळ्या ६.४ टीबीचे ४ केबीने तुकडे केले तर सुमारे १७२ कोटी डिस्कॉर्ड होतात. त्यात भर म्हणजे आमच्या कर्नलवर एक्सएफएस एखाद्या अ‍ॅलोकेशन ग्रुपवर ट्रिम करताना त्या ग्रुपचं, म्हणजे फाइलसिस्टिमच्या त्या भागाचं, कुलूप धरून ठेवतं, त्यामुळे तिथे नवीन जागा मागणारा प्रत्येक जण ताटकळतो. नव्या कर्नलमध्ये हे कुलूप धरण्याचा वेळ कमी केला आहे.

गुरुवार, ६ मार्च

मॅक्स डिस्कॉर्ड वाढवायचं ठरवलं. एलव्हीचेंजमध्ये व्हीडीओसेटिंग्ज पर्यायाने ते बदलता येतं, पण बदल लागू होतो पूल पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट केल्यावर. म्हणजे सगळ्या व्हीएम बंद, एक्सएफएस अनमाउंट, पूल डीअ‍ॅक्टिव्हेट आणि मग उलट्या क्रमाने परत वर. रात्री सगळ्यांना कळवून हे केलं. किंमत ५१२ ठेवली, म्हणजे एका वेळी २ एमबी. यापेक्षा मोठी ठेवली तर एकूण काम आणखी लवकर होतं, पण एकेका डिस्कॉर्डला वेळ जास्त लागतो आणि तेवढा वेळ बाकीचं लेखन मागे पडतं. चालत्या व्हीएम असताना मधलं काहीतरी बरं.

दुसरा बदल असा की आता पूर्ण माउंटवर एकदम ट्रिम नाही. एफएसट्रिमला ऑफसेट आणि लेंग्थ देता येतात. २५६ जीबीचे तुकडे पाडून एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. एक तुकडा झाला की थांबायचं, डिस्कची प्रतीक्षा किती वाढली ते बघायचं, ती ठरवलेल्या मर्यादेखाली आली की पुढचा तुकडा. दोन रात्रीत सगळं पार पडेल असा अंदाज आहे.

शनिवार, ८ मार्च

पहिली ट्रिम पूर्ण. व्हीएमकडून एकही तक्रार नाही.

एफएसट्रिमने दिलेल्या आकड्यांची बेरीज ६.४ टीबी. हा आकडा फसवा आहे. तो ‘किती जागा पाठवली’ हे सांगतो, ‘किती परत मिळाली’ हे नाही. एक्सएफएसवर लगेच दुसऱ्यांदा चालवलं तरी तोच आकडा येतो. ईएक्सटी४ आधी ट्रिम केलेले गट लक्षात ठेवतं आणि दुसऱ्या वेळी जवळजवळ शून्य दाखवतं, म्हणून ईएक्सटी४ची सवय असलेल्यांचा इथे जास्त गोंधळ होतो. खरा हिशेब व्हीडीओकडेच विचारायचा :

लॉजिकल वापर १४.२ टीबीवरून ९.६ टीबी. डीएफशी जुळला.
भौतिक वापर ७.३ टीबीवरून ६.४ टीबी. पूल ८० टक्के.
स्पेस सेव्हिंग ४९ टक्क्यांवरून ३३ टक्के.

वरून ४.६ टीबी सोडले आणि खाली हातात आले जेमतेम ०.९ टीबी. पुसलेल्या इमेज एकाच टेम्प्लेटवरून काढलेल्या होत्या. त्यांचे बहुतेक ब्लॉक आज चालू असलेल्या व्हीएममध्येही आहेत. एखाद्या ब्लॉकचे दहा मालक असले आणि नऊ निघून गेले तरी दहावा असेपर्यंत तो ब्लॉक जागेवरच राहणार.

कॉम्प्रेशनमुळेही थोडी जागा अडकते. व्हीडीओ दाबलेले तुकडे एकत्र बांधून एका ४ केबी ब्लॉकमध्ये बसवतं, जास्तीत जास्त १४. त्यातले तेरा सोडले आणि एक वापरात राहिला तरी तो आख्खा ब्लॉक मोकळा होत नाही, आणि व्हीडीओ उरलेले तुकडे स्वतःहून पुन्हा बांधत नाही.

स्पेस सेव्हिंगचा टक्का घसरलेला पाहून सहकाऱ्याने विचारलं, “काही बिघडलं का?” बिघडलेलं काही नाही. आधीच्या ४९ टक्क्यांमध्ये मेलेल्या प्रतींचा हिशेब धरलेला होता. साफसफाई केली की हा टक्का उतरणारच. तो वाढवणं हे उद्दिष्ट धरलं तर माणूस कचरा साठवत बसेल.

रविवार, ९ मार्च

८० टक्क्यांवर श्वास घेता आला. बॅकअप पुन्हा सुरू केले, पण फक्त महत्त्वाच्या मशिनींचे.

आता जिवंत ९.६ टीबीमध्ये काय आहे ते पाहिलं. फाइलींनी व्यापलेली जागा मोजणाऱ्या डीयूप्रमाणे व्हीएम इमेज ५.८ टीबी, बोर्ग २.९ टीबी आणि ‘अपग्रेडपूर्व प्रती’ नावाचा फोल्डर २.६ टीबी. बेरीज ११.३. डीएफ मात्र ९.६च म्हणतं. डीयू डीएफपेक्षा जास्त दाखवतं तेव्हा फाइलसिस्टिमवर रिफ्लिंक प्रती आहेत असं समजावं. त्या फोल्डरमधल्या प्रती सीपीला रिफ्लिंक पर्याय देऊन काढलेल्या आहेत. दोन फाइल एकाच जागेकडे बोट दाखवतात आणि डीयू ती जागा दोनदा मोजतं. म्हणजे इथे डीडुपचे दोन थर झाले, वर एक्सएफएसचा आणि खाली व्हीडीओचा. याचा त्रास पुढे होईल हे आज लक्षात आलं नाही.

मंगळवार, ११ मार्च

गेस्टच्या आत शिरलो. एक गेस्ट जवळून मांडतो.

डिस्क ५०० जीबीची. गेस्टमध्ये डीएफ ९६ जीबी वापरात दाखवतं. होस्टवर, म्हणजे व्हीएम जिच्यावर चालतात त्या मूळ मशिनवर, त्याच इमेजचं डीयू ४१२ जीबी. मधले ३१६ जीबी म्हणजे त्या गेस्टने कधीतरी लिहून पुसलेलं सगळं काही : जुने लॉग, पॅकेजची कॅश, डेटाबेसचे डंप. होस्टच्या दृष्टीने हा सगळा जिवंत डेटा, त्यामुळे होस्टवर कितीही ट्रिम मारलं तरी त्याला धक्का लागत नाही.

गेस्टमध्ये एफएसट्रिम चालवलं तर उत्तर आलं की डिस्कॉर्ड चालत नाही. एलएसबीएलके मोठ्या डी पर्यायासह पाहिलं तर डिस्कॉर्डचे रकाने शून्य. व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये डिस्कच्या ड्रायव्हर ओळीत ‘डिस्कॉर्ड अनमॅप’ लिहावं लागतं, आणि त्यानंतर गेस्ट आतून रीबूट करून भागत नाही. आतून रीबूट केल्यावर व्हीएम चालवणारी तीच जुनी क्यूईएमयू प्रोसेस चालू राहते. पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायला लागतं. व्हर्टआयओ-ब्लॉक डिस्क असेल तर क्यूईएमयू किमान ४.० आणि गेस्टचं कर्नल किमान ५.० हवं. त्याआधीच्या गेस्टसाठी डिस्क व्हर्टआयओ-स्कझीवर न्यावी लागते.

बदल केला, बंद करून चालू केलं, गेस्टमध्ये ट्रिम मारलं. इमेजचं डीयू ४१२वरून १०१ जीबी. व्हीडीओचा आकडा जसाच्या तसा. तेही बरोबरच आहे, कारण गेस्टने सोडलेली जागा क्यूईएमयूने इमेज फाइलमध्ये भोक पाडून एक्सएफएसला परत केली, पण एक्सएफएसने ती खाली कळवायची तर होस्टवर पुन्हा ट्रिम हवी. आधी आतून, मग बाहेरून. पूल ९१ टक्क्यांवर असताना होस्टचं काम आधी उरकणं भाग होतं, एरवी मी गेस्टपासून सुरुवात केली असती.

गुरुवार, १३ मार्च

बाकी गेस्ट हातावेगळे केले. बहुतेक सरळ गेले. अडलेले असे :

लक्स एन्क्रिप्शन असलेले गेस्ट. मधला एन्क्रिप्शनचा थर डिस्कॉर्ड अडवून धरतो. क्रिप्टटॅबमध्ये डिस्कॉर्ड पर्याय घालून, रूट एन्क्रिप्टेड असेल तर इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीची इमेज) पुन्हा बनवून, रीबूट. यात डिस्कवर कोणता भाग रिकामा आहे हे बाहेरून दिसू शकतं, म्हणून त्या गेस्टच्या मालकांना विचारूनच केलं. एकाने नको म्हटलं, तो तसाच ठेवला.

विंडोज गेस्ट. ऑप्टिमाइझ-व्हॉल्यूम रीट्रिम पर्यायासह. काम चोख झालं.

एक जुना गेस्ट, ज्याचं कर्नल डिस्कॉर्ड ओळखतच नाही. मोकळी जागा शून्यांनी भरायची आणि मग ती फाइल पुसायची, हा जुना उपाय इथे अर्धाच लागू पडतो. व्हीडीओ शून्यांचे ब्लॉक साठवत नाही, त्यामुळे भौतिक जागा सुटते. पण एक्सएफएससाठी ती इमेज फुगून पूर्ण आकाराची होते आणि डीएफ वर जातं. म्हणून गेस्ट बंद केला आणि व्हर्ट-स्पार्सिफाय इन-प्लेस पर्यायासह चालवलं. हे चालू गेस्टच्या डिस्कवर कधीही चालवू नका, डेटा खराब होतो.

त्याच जुन्या गेस्टमध्ये आणखी एक गोष्ट सापडली, आणि या सगळ्या कामातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याचं पार्टिशन ६३व्या सेक्टरवर सुरू होतं, जुन्या पार्टिशन टेबलांची ही नेहमीची पद्धत. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६ बाइट, आणि त्याला ४०९६ने भाग जात नाही. परिणामी गेस्टचा प्रत्येक ४ केबी ब्लॉक व्हीडीओच्या दोन ब्लॉकवर आडवा पडतो. त्याच ऑपरेटिंग सिस्टिमचे दुसरे गेस्ट शेजारी असूनही याचा डेटा कोणाशीच जुळत नाही, कारण सगळा मजकूर साडेतीन केबीने सरकलेला आहे. डीडुपच्या दृष्टीने हा पूर्ण परका डेटा. नवीन डिस्क बनवून १ एमबीवर सुरू होणारं पार्टिशन काढायचं आणि फाइलच्या पातळीवर कॉपी करायची, एवढाच मार्ग आहे. ब्लॉक कॉपी केली तर सरकलेपण तसंच येतं.

शनिवार, १५ मार्च

इमेजचं एकूण डीयू ५.८वरून ३.७ टीबी, म्हणजे २.१ टीबीची घट. डीएफ मात्र ९.६वरून ८.४ टीबीवरच. ०.९ टीबी कुठे गेले?

आधी पुसलेली पण उघडी राहिलेली फाइल शोधली. एलएसओएफला अधिक एल १ पर्याय दिला, काही विशेष सापडलं नाही. मग एका मोठ्या इमेजवर फाइलफ्रॅग व्हर्बोज चालवलं. एक्स्टेंटच्या, म्हणजे सलग जागेच्या तुकड्यांच्या, यादीत ओळीमागून ओळी ‘शेअर्ड’. तेव्हा रविवारचा तो ‘अपग्रेडपूर्व प्रती’ फोल्डर डोळ्यांपुढे आला. गेस्टने ट्रिम मारलं, इमेजमध्ये भोकं पडली, पण त्याच एक्स्टेंटकडे बोट दाखवणारी रिफ्लिंक प्रत तिथे बसली आहे. जागेचा एक मालक गेला, दुसरा तसाच. शिवाय ट्रिमने त्या प्रती आणखी महाग झाल्या : आधी त्यांच्या स्वतःच्या अशा ०.९ टीबीच होत्या, आता १.८ टीबी.

मग एकेका प्रतीची चौकशी. कोणत्या अपग्रेडआधी काढली, ते अपग्रेड यशस्वी झालं का, त्या गेस्टचा ताजा बॅकअप बोर्गमध्ये आहे का, आणि तो नुसता यादीत आहे की उघडतोही? बोर्ग एक्स्ट्रॅक्ट ड्राय-रनसह चालवून प्रत्येक गेस्टचा शेवटचा अर्काइव्ह शेवटपर्यंत वाचला जातो याची खात्री केली. यात दिवस गेला, पण घाईने पुसण्यासारखी ही वस्तू नाही. संध्याकाळी सगळ्या प्रती काढल्या. डीएफ ६.६ टीबी, म्हणजे इमेजचे ३.७ आणि बोर्गचे २.९. डीयू आणि डीएफ पहिल्यांदाच जुळले.

सोमवार, १७ मार्च

होस्टवर दुसरी ट्रिम, तीच तुकड्यांची स्क्रिप्ट. लॉजिकल ९.६वरून ६.६ टीबी. भौतिक ६.४वरून ५.४ टीबी. पूल ६७ टक्क्यांच्या थोडा वर.

वरून ३ टीबी, खाली १ टीबी. इथे एक गोष्ट नीट दिसली. लक्स असलेल्या गेस्टनी सोडलेली जागा जवळपास जशीच्या तशी भौतिक स्वरूपात परत आली, कारण एन्क्रिप्ट केलेला डेटा कोणाशी जुळतही नाही आणि दबतही नाही. टेम्प्लेटवरून काढलेल्या साध्या गेस्टकडून ढीगभर लॉजिकल सुटून मूठभर भौतिक मिळालं. म्हणजे खरोखर जागा हवी असेल तर फाइल किती मोठी आहे हे न बघता तिच्यात दुसरीकडे कुठेच नाहीत असे ब्लॉक किती आहेत हे बघायला हवं. आणि तसे ब्लॉक सगळ्यांत जास्त कुठे असणार ते उघड होतं : बोर्ग.

बुधवार, १९ मार्च

बोर्ग रिपॉझिटरी एन्क्रिप्टेड आहे. बोर्ग स्वतःच डीडुप करतं, दाबतं आणि मग एन्क्रिप्ट करतं. त्यामुळे तिचे २.९ टीबी खाली व्हीडीओवरही २.९ टीबीच. व्हीडीओ त्यात काहीच वाचवू शकत नाही, उलट प्रत्येक ब्लॉकसाठी व्यर्थ शोध घेत बसतं.

प्रून रोज रात्री व्यवस्थित चालत होतं, लॉगमध्ये जुने अर्काइव्ह गेल्याच्या ओळी आहेत. तरी रिपॉझिटरी घटत नव्हती. बोर्ग १.२पासून, म्हणजे २०२२ सालापासून, प्रून आणि डिलीट फक्त नोंदी काढतात. जागा मोकळी करायला कॉम्पॅक्ट वेगळं चालवावं लागतं. आधीच्या आवृत्तीत ते आपोआप व्हायचं, आणि आमची रात्रीची स्क्रिप्ट त्याच काळातली आहे. आवृत्ती बदलली, स्क्रिप्ट तीच राहिली.

कॉम्पॅक्ट चालवण्याआधी तपासलेल्या दोन गोष्टी : रिपॉझिटरी अपेंड-ओन्ली (फक्त भर घालता येणारी) नाही ना, आणि पूलवर पुरेशी जागा आहे ना. दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. बोर्ग आपला डेटा मूळ सेटिंगमध्ये ५०० एमबीपर्यंतच्या सेगमेंट फाइलमध्ये ठेवतं. कॉम्पॅक्ट करताना ते सेगमेंटमधला जिवंत भाग नव्या सेगमेंटमध्ये लिहितं आणि मग जुनी फाइल पुसतं. साध्या डिस्कवर पुसलेली जागा लगेच पुढच्या लेखनाला मिळते. इथे एक्सएफएस नवीन सेगमेंट कुठल्याही मोकळ्या जागी लिहितं आणि पुसलेल्याची बातमी पुढच्या ट्रिमपर्यंत व्हीडीओला नसते. म्हणजे जागा सोडवायचं काम करताना पूल आधी भरतो.

तसंच झालं. कॉम्पॅक्ट चालू असताना भौतिक वापर ५.४वरून ५.९ टीबीपर्यंत चढला. पूल ९१ टक्के असताना, म्हणजे जेमतेम ०.७ टीबी शिल्लक असताना, हे चालवलं असतं तर काठावर जाऊन बसलो असतो. जागा कमी असेल तेव्हा कॉम्पॅक्ट, रीपॅक, डीफ्रॅग, अशी आधी लिहून मग पुसणारी कामं शेवटी ठेवा.

शनिवार, २२ मार्च

कॉम्पॅक्ट पूर्ण. रिपॉझिटरी २.९वरून २.१ टीबी. त्यानंतर बोर्ग चेक, त्याला बराच वेळ लागला पण तो टाळण्यासारखा नाही. मग होस्टवर ट्रिम.

भौतिक ५.९वरून ४.६ टीबी. पूल ५७ टक्क्यांवर. कॉम्पॅक्टच्या आधीशी तुलना केली तर लॉजिकल ०.८ गेले आणि भौतिकही ०.८च मिळाले, एकास एक. व्हीएमच्या बाजूने एकूण ७.६ टीबी लॉजिकल सोडून १.९ टीबी भौतिक मिळाले होते. स्पेस सेव्हिंग आता २१ टक्के.

बोर्गमध्ये अजून काही काढता येईल का पाहिलं. बोर्ग इन्फो प्रत्येक अर्काइव्हचा डीडुप केलेला आकार देतं, पण तो फक्त त्याच एका अर्काइव्हमध्ये असलेल्या तुकड्यांचा. दोन शेजारच्या अर्काइव्हमध्येच असलेला मोठा तुकडा दोघांपैकी कोणाच्याच आकड्यात येत नाही. त्यामुळे एकेक आकडा छोटा दिसतो आणि दोन्ही एकत्र काढले की बेरजेपेक्षा जास्त सुटतं. म्हणून ‘हा काढून काय मिळणार’ म्हणून अर्काइव्ह सोडून देऊ नका. आमच्या धोरणात साप्ताहिक प्रती गरजेपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या आहेत. किती काळ हव्यात ते ज्यांचा डेटा आहे त्यांनी ठरवायचं, त्यांना विचारणा पाठवली आहे.

कॉम्पॅक्टची मूळ मर्यादा १० टक्के आहे, म्हणजे ज्या सेगमेंटमध्ये त्याहून कमी वाया गेलेलं आहे ते तसेच ठेवले जातात. ती खाली आणून आणखी थोडं पिळता येईल, पण त्यासाठी बरंच पुनर्लेखन होतं. आज गरज नाही.

सोमवार, २४ मार्च

परत हे होऊ नये म्हणून केलेली व्यवस्था.

गेस्टमधले एफएसट्रिमचे टायमर चालू केले. मूळ वेळ सोमवारची मध्यरात्र असते. एकाच टेम्प्लेटवरून काढलेल्या सगळ्या गेस्टनी एका वेळी ट्रिम मारली तर ४ तारखेची संध्याकाळ परत येईल, म्हणून वारांनुसार विभागून दिले. होस्टचा टायमर बंद ठेवून तिथे तुकड्यांची स्क्रिप्ट रविवारी रात्री, सगळे गेस्ट झाल्यावर. माउंटला डिस्कॉर्ड पर्याय द्यायचाही विचार केला होता, पण मग मोठी फाइल पुसताना तिथल्या तिथे व्हीडीओवर भार येतो, म्हणून तो दिला नाही.

रात्रीच्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये प्रूननंतर कॉम्पॅक्ट, आठवड्यातून एकदा, शनिवारी. त्याची पुसलेली जागा रविवारच्या ट्रिममध्ये येते.

रिफ्लिंक प्रतींना आता नावातच तारीख आणि मुदत. मुदत संपली की मालकाला मेल जातो. आपोआप काही पुसलं जात नाही.

इशारे बदलले. भौतिक वापराचा इशारा ७५ टक्क्यांवर आणला. त्याहून उपयोगाचा नवीन इशारा म्हणजे पहिल्या दिवशीची ती वजाबाकी : व्हीडीओचा लॉजिकल वापर उणे डीएफ. फरक अर्ध्या टीबीच्या वर गेला की कळवायचं. पूल भरायच्या कितीतरी आधी हा आकडा सांगतो की कुठलातरी थर खाली निरोप द्यायचा थांबला आहे.

सोमवार, ३१ मार्च

आठवडाभराचे आकडे पाहिले. रविवारच्या ट्रिमनंतर फरक जवळजवळ शून्यावर, शनिवारी कॉम्पॅक्टनंतर तो पाव टीबीपर्यंत चढला होता. सगळ्या मशिनींचे बॅकअप पूर्ववत. पूल ५८ टक्के.

६३व्या सेक्टरवाला गेस्ट नव्या डिस्कवर हलवला. त्याच्या शेजारच्या भावंडांशी आता ब्लॉक जुळतात, भौतिक वापर त्या एका गेस्टपुरता ठळकपणे उतरला.

राहिलेलं काम : बोर्ग रिपॉझिटरी व्हीडीओवरून उठवून साध्या व्हॉल्यूमवर न्यायची. व्हीडीओवर तिला डीडुपचा काडीचा फायदा नाही आणि शोधाचा भार मात्र पूलवर पडतो. अडचण एवढीच की व्हीडीओची भौतिक जागा वाढवता येते, कमी करता येत नाही, म्हणून पूलमधून डिस्क काढून तिला देता येणार नाहीत. नव्या डिस्क आल्या की ती तिकडे जाईल, आणि ज्या गेस्टच्या मालकाने लक्समध्ये डिस्कॉर्ड नको म्हटलं त्याच्याशीही तेव्हा पुन्हा बोलायचं आहे, कारण त्याची इमेज आता पूलवरची सर्वांत मोठी उरली आहे.